आठ शंख, एक बटण

तारकाकांनी पक्कड फिरवली आणि तार तुटली.

पितळेची तार सहसा तुटत नाही. ती रुसते, अडून बसते, पण कलाकलाने घेतलं तर वाकते. सकाळपासून तुटलेली ही तिसरी. काकांनी तुकडा टेबलाच्या कडेला आधीच्या दोन तुकड्यांशेजारी ठेवला, नीट समांतर केला, मग पुन्हा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. लगेच तो डबाही पायाने टेबलाखाली सरकवला.

संग्रहालयात एकतीस वर्षं त्यांचं काम एकच होतं, वस्तूंना उभं करणं. मुखवटा काचेमागे तरंगतोय असं वाटावं, भाला कुणी आत्ता हातातून ठेवून गेलंय असं वाटावं; मागून चार पितळी बोटांनी त्याला धरलंय हे बघणाऱ्याला कळता कामा नये. "आपलं काम दिसलं की फसलं," असं ते नव्या माणसांना सांगत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते तारकाका. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता.

समोर निळ्या मऊ कापडावर ते वाद्य आडवं पडलं होतं. वहीएवढी जाड लाकडी फळी, तिच्यावर दाटीने बसवलेल्या लोखंडाच्या बावीस चपट्या जिभा. दोन्ही हातांत धरायचं आणि अंगठ्यांनी छेडायचं. शेजारी पिवळट पडलेलं कार्ड होतं. 'अंगठ्याचा पियानो. आफ्रिका. कर्ता अज्ञात. भेट. स्थिती: उत्तम.'

शेवटचा शब्द तारकाकांच्या अक्षरात होता.

"आल्या हो पाहुण्याबाई," दारावरची मावशी आत डोकावत म्हणाली. निळा गणवेश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दालनांवर पहारा करून करून तिला कुजबुजत बोलायची सवय लागली होती. "मुखवटे झाले, आता बैठी स्टुलं चाललीत. एकेका वस्तूपुढे अशा उभ्या राहतात, जसं काही गर्दीत ओळखीचं माणूस शोधतायत."

"माझ्या टेबलापाशी कधी?"

"जेवण झालं की. काका, घाम का आलाय तुम्हाला? पंखा लावा की."

"पंख्याने वस्तू हलतात."

"वस्तू कुठे हलतेय? तुमचा हातच हलतोय," मावशी म्हणाली आणि किल्ल्या वाजवत निघून गेली.

आफ्रिका दालन नव्याने मांडायचं होतं. तळघरात आणि वरती मिळून दोनशे बारा वस्तू होत्या. त्यातल्या कुठल्या मोलाच्या, कुठल्या नाहीत, हे ठरवायला त्याच खंडातल्या एका विद्यापीठात वाद्यं शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं होतं. त्यांच्याकडे तीन रंगांच्या टिकल्या असत. हिरवी लावली की वस्तू दालनात. पिवळी लावली की तळघरात. तांबडी म्हणजे यादीतूनच बाद. दोन दिवसांत शंभरेक वस्तूंच्या कपाळी टिकल्या लागल्या होत्या.

जेवणानंतर त्या आल्या. उंच, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. शब्द पारखून, थांबत थांबत बोलायच्या. मागे क्युरेटर मॅडम होत्या, हातात फायली घेतलेल्या.

पाहुण्याबाईंनी आधी कार्ड वाचलं आणि गालात हसल्या.

"अंगठ्याचा पियानो," त्या म्हणाल्या. "मग पियानोला आम्ही दहा बोटांचा म्बिरा म्हणायचं का?"

मॅडम हसल्या. "म्बिरा लिहू. दुरुस्त करून घेते."

"आणि 'भेट' म्हणजे? कुणाची?"

"एका अधिकाऱ्याच्या घराण्याने दिलंय. शंभरेक वर्षं झाली."

"त्यांना कुणी दिलं?"

मॅडमनी कार्ड उलटून बघितलं. मागची बाजू कोरी होती.

"नोंद नाही."

"बरं," पाहुण्याबाई म्हणाल्या. दोन दिवसांत हा शब्द त्या खूपदा म्हणाल्या होत्या आणि दर वेळी तो वेगळा निघाला होता. मग त्यांनी हातमोजे काढून खिशात घातले आणि मॅडमकडे बघितलं. मॅडमनी दाराकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं, आणि मान हलवली.

म्बिरा दोन तळहातांत बसला, जसा घरचाच असावा. अंगठे चालू लागले. पागोळीचे थेंब पाण्यावर पडावेत तसा गोल, स्वच्छ आवाज. एक थेंब पडला की त्याच्या कड्यात दुसरा. तारकाकांच्या हातातली पक्कड मिटली ती उघडेना.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या.

पाहुण्याबाई थांबल्या. "हो. पण उघडं आहे."

"म्हणजे?"

"गाणं उघडं आहे. अंगावर काही नाही त्याच्या." त्यांनी फळी तिरकी करून खालच्या कडेला बोट ठेवलं. "इथे बघा, दोन भोकं. यातून तार जायची आणि तारेत शंख ओवलेले असायचे. गोगलगाईचे. जिभा गायला लागल्या की ते सोबत घरघरतात. नवख्याला वाटतं, काहीतरी सैल झालंय, बिघडलंय. बिघडलेलं नसतं. माझे आजोबा वाजवायचे. ते म्हणायचे, जिभा समोर बसलेल्यांसाठी आणि शंख गेलेल्यांसाठी. गेलेली माणसं लांब असतात. त्यांना गोड ऐकू जात नाही. खरखर ऐकू जाते."

मॅडमनी फायलीत काहीतरी टिपलं. "आमच्याकडे आलं तेव्हापासून असंच असणार. काका, तुम्ही इथले सगळ्यांत जुने. तुम्हाला काही आठवतं?"

तारकाकांनी पक्कड उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"तार संपलीय," ते म्हणाले. "घेऊन येतो."

तारेचं अख्खं भेंडोळं त्यांच्या कोपराशी होतं. ते दाराबाहेर गेले, लांब व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथल्या नळावर हात धुतले आणि पुसायला काही नाही म्हणून ओलेच घेऊन परत आले. तेव्हा पाहुण्याबाई आवरत होत्या. म्बिराच्या शेजारी एक पिवळी टिकली ठेवलेली होती, चिकटवलेली नव्हती.

"याचं उद्या सकाळी बघू," त्या म्हणाल्या. "अर्ध्या वस्तूला दालनात उभं करणं मला बरं वाटत नाही. पण तळघरात ढकलायची घाईही नको. उद्या माझा शेवटचा दिवस आहे."

त्या गेल्या. काकांनी म्बिरावर कापड पांघरलं. जरा वेळाने काढलं आणि पुन्हा पांघरलं.

कामाची वेळ संपल्यावर जिन्यात मावशीने त्यांना गाठलं.

"मी ऐकलं सगळं. दारामागेच होते." ती एक पायरी खाली उतरून समोर उभी राहिली. "बोंब तर मीच मारली होती तेव्हा."

सव्वीस वर्षांपूर्वी मावशी नवी होती आणि दालनाच्या मागच्या रस्त्यावरून दुपारी मालाचे ट्रक जायचे. ट्रक गेला की जमीन थरथरायची, जमिनीबरोबर काचपेटी, पेटीबरोबर तो म्बिरा. बंद काचेतून बारीक घरघर ऐकू यायची. नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी मावशी एका पायातली चप्पल वर सोडून तीन जिने धावत खाली आली होती. पेटीत कुणीतरी कण्हतंय, म्हणाली होती. सगळे हसले. पण पुढे बघायला येणारेही विचारू लागले, तक्रारवहीत दोघांनी लिहिलं आणि तेव्हाचे मोठे साहेब वैतागले. तारकाका, तो आवाज बंद करा बरं, एवढंच म्हणाले. काकांनी पक्कडीने तार कापली. नऊ शंख तळहातावर गळून पडले. कार्डावर काय लिहू, त्यांनी विचारलं. साहेब जिना उतरता उतरता म्हणाले, काय लिहायचं, आवाज गेला ना? मग उत्तम.

"ते शंख साहेबांनी टाकूनच दिले असतील," मावशी म्हणाली. "आणि साहेबही आता नाहीत. कुणाला कशाला काय सांगायचं? माझ्या तोंडाला कुलूप. चार महिने राहिलेत तुमचे, सुखाने घरी जा."

"हं," काका म्हणाले.

शंख टाकून दिलेले नव्हते. ते कुठे आहेत हे जगात एकट्या तारकाकांना माहीत होतं.

बस आली, गेली. ते बसमध्ये चढले नाहीत. थांब्यावरून पुढच्या थांब्यापर्यंत चालले, तिथूनही चालतच निघाले.

त्या दिवशी नऊ शंख त्यांनी खिळ्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत घातले होते. उद्या चिठ्ठी लावून भांडारात द्यायचे म्हणून डबी कोटाच्या खिशात टाकली होती. घरी चार महिन्यांची लेक होती. तिन्हीसांज झाली की ती रडायला लागायची, आणि रडणं असं की घराच्या भिंतींनाही हुंदके फुटावेत. औषध झालं, शेक झाला, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या झाल्या. काकांनी कोट खुंटीला अडकवला, खिशात डबी खुळखुळली आणि रडणं मध्येच थांबलं. बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मग उठून खिशातून डबी काढली आणि हळूच हलवली. लेकीचे ओले डोळे आवाजामागे फिरले.

"कुठून आणलीत?"

"कामावरची आहे. उद्या द्यायचीय परत."

"ही झोपायला शिकली की द्या," बायको म्हणाली. डबी हलवता हलवता तिच्या ओठांवर आपोआप काहीतरी येऊ लागलं होतं.

वाज गं डबी, वाज गं वाज,
रडणं थकलंय माझं आज;
झोप आली वाटेवर,
पाऊल तिचं दारावर.

लेक झोपायला शिकली, चालायला शिकली, शाळेत गेली, लग्न होऊन गेली. काकांचा तो 'उद्या' तेवढा आला नाही. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा तिच्या कपाटात सगळ्यांत आत, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेली डबी सापडली. आणि गेल्या आठवड्यात, लेकीची लेक महिन्याची झाली आणि तिन्हीसांजेला रडू लागली, तेव्हा काकांनी ती डबी स्वतःच्या हाताने लेकीकडे नेऊन दिली होती.

सकाळी सातलाच त्यांनी लेकीच्या दारावरची बेल दाबायला बोट उचललं, मग बेलने बाळ उठेल म्हणून टकटक केलं. लेकीने दार उघडलं. केस सुटलेले, खांद्यावर दुपट्याचा तुकडा.

"बाबा? एवढ्या सकाळी? काय झालं?"

"काही नाही. डबी हवी होती."

"कुठली डबी?"

"तीच."

लेक बघत राहिली, मग हसली. "दिलेली वस्तू परत मागायला आलात? रात्रभर झोपला नाहीत वाटतं. बसा आधी, चहा टाकते."

ते बसले नाहीत. पाळण्याशी उभे राहून, आत झोपलेल्या नातीच्या दुलईचा निघालेला एक धागा बोटाला गुंडाळत, त्यांनी सगळं सांगितलं. उभ्याने सांगितलं म्हणून की काय, फार लवकर सांगून संपलं.

"म्हणजे मी चोरीच्या मालावर झोपत होते," लेक म्हणाली.

"चोरी नव्हती. द्यायची राहिली."

"सगळे चोर असंच म्हणत असतील, बाबा." ती थट्टेने म्हणाली होती, पण मग तिला त्यांचा चेहरा दिसला. तिने गॅस बंद केला. "नाही दिली तर काय होईल?"

"काही नाही. कुणाला ठाऊकच नाही."

"आणि दिली तर?"

"तू म्हणालीस तेच म्हणतील."

"मग?"

धागा बोटाला घट्ट बसला होता. काकांनी तो उलगडला. "ते तिथे नुसतं गोड वाजतंय," ते म्हणाले. "आणि त्या बाई म्हणतात, गेलेल्यांना गोड ऐकू जात नाही."

पाळण्यात हात घालून लेकीने उशाची डबी काढली. झाकणावरचा रंग केव्हाच उडाला होता, कडा हातांनी चकचकीत झाल्या होत्या. तिने झाकण उघडलं. आत आठ शंख होते आणि एक पितळी बटण.

"हे तर त्यांचं नाही ना? हे ठेवून घेऊ?"

"तेही त्यांचंच आहे," काका म्हणाले. "गणवेशाच्या कोटाचं."

लेकीला हसू आवरेना. तोंडावर दुपटं दाबून ती हसली, मग डोळे पुसले. झाकण लावून तिने डबी एकदा नातीच्या कानाशी हलवली, अगदी हळू, आणि बापाच्या हातात ठेवली. एका दुसऱ्या डब्यात तिने चार सेफ्टी पिना आणि कुठल्यातरी हरवलेल्या कुलपाची किल्ली टाकली आणि वाजवून बघितली. नातीने झोपेतच कपाळाला आठी घातली.

"नाही चालवून घेतलं तिने, तर?" काकांनी विचारलं.

"तर तिन्हीसांजेला तिला तुमच्या म्युझियममध्ये घेऊन येईन. ट्रक किती वाजता जातो, ते तेवढं विचारून ठेवा."

अकरा वाजता तारकाकांनी निळ्या कापडावर, म्बिराच्या शेजारी, डबी ठेवली. पिवळी टिकली अजून तिथेच होती.

"हे त्याचे शंख आहेत," ते म्हणाले. "मी काढले होते. सव्वीस वर्षं माझ्या घरी होते."

मॅडमनी फाईल टेबलावर ठेवली. मग उचलली. "घरी? नोंद कुठे आहे?"

"केली नाही."

"काका, याला काय म्हणतात ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतं."

"अहो मॅडम, मी बोंब मारली म्हणून—" दारातून मावशी म्हणाली.

"मावशी, तुम्ही दालनात जा."

मावशी दोन पावलं मागे सरकली आणि तिथेच उभी राहिली.

पाहुण्याबाईंचं बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी डबी उघडून कापडावर रिकामी केली होती. एक शंख उचलून त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने चोळला, दुसरा उचलला, तिसरा. मग म्हणाल्या, "हे पेटीत नव्हते."

"नाही. म्हटलं ना, घरी होते."

"तसं नाही. कपाटात पडलेला शंख खडूसारखा होतो, बोटाला भुकटी लागते. हे बघा, कसे गुळगुळीत झालेत. हे एकमेकांवर घासलेत. कुणीतरी वाजवत होतं."

तारकाकांनी मॅडमकडे बघितलं, मग बाईंकडे. "मुलगी रडायची. तिची आई वाजवायची."

"रोज?"

"तिन्हीसांजेला. आता नात आहे. आज सकाळपर्यंत तिच्या उशाशी होती डबी."

बाईंनी दोन्ही हात कापडावर टेकवले. "मी अकरा म्युझियममध्ये अशी बसले आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "टिकल्या लावत. घेतलेली वस्तू परत आणून देणारा माणूस मला आज पहिल्यांदा भेटला."

मॅडमना खिडकीबाहेर काहीतरी दिसलं असावं. त्या बराच वेळ तिकडे बघत होत्या.

"बारीक तार आहे?" बाईंनी विचारलं.

काकांनी भेंडोळ्यातून वीतभर तार कापून दिली. बाई ओवू लागल्या. एक शंख, दोन, पाच, आठ. मग त्यांचा हात बटणाकडे गेला.

"ते नको," मॅडम वळून म्हणाल्या. "ते आमच्या गणवेशाचं आहे. आमचं चिन्ह आहे त्यावर. वस्तूचा भाग नाही तो."

"नववा शंख कुठे आहे?" बाईंनी काकांना विचारलं.

"फुटला. मुलगी तीन वर्षांची होती, तिच्याच पायाखाली आला. मग हिने माझ्या कोटाचं बटण तोडून डबीत टाकलं. म्हणाली, आवाज कमी पडायला नको." काका थांबले. "बटण नाही म्हणून मला इथे बोलणी बसली होती."

"आणि ही म्हणजे?"

"बायको. आता नाही."

बटणाच्या मागच्या कडीतून बाईंनी तार घातली, ते शंखांच्या रांगेत शेवटी सरकवलं. "आमच्याकडेही असंच करतात," त्या मॅडमना म्हणाल्या. "शंख फुटला की दुसरा शोधत बसत नाहीत. घरात जे खुळखुळेल ते लावतात. माझ्या आजोबांच्या म्बिराला बाटलीची झाकणं होती."

तारेची दोन्ही टोकं भोकांतून ओढून काकांनीच पिळली. कापली होती त्याच पक्कडीने.

मग बाईंनी वाजवलं. कालचेच थेंब, पण आता त्यांच्याखाली काहीतरी जागं झालं होतं. प्रत्येक सुरामागे एक घोगरी घरघर, जशी घसा बसलेल्या बाईने गुणगुणावी, जशी आतल्या खोलीतून येते आणि शब्द लागत नाहीत पण कोण आहे ते कळतं. दारात मावशीने किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला होता, वाजू नये म्हणून. तारकाकांनी टेबलाची कड धरली. त्यांचा दुसरा हात कोटाच्या बटणांवरून खाली खाली जात होता, वरपासून एक एक, पुन्हा वरपासून.

वाजवणं संपल्यावर पहिल्यांदा मॅडम बोलल्या. घसा साफ करून बोलल्या.

"कार्ड बदलावं लागेल. स्थितीच्या पुढे 'उत्तम' आहे. आता काय लिहू? 'बरी'? की 'दुरुस्त केलेली'?"

पाहुण्याबाईंनी पेन मागून घेतलं. 'उत्तम'वर एक बारीक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'वापरात'.

"स्थितीच्या रकान्यात असं लिहीत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"हो का? बरं," बाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं. पिवळी टिकली बोटावर उचलून त्यांनी पाकिटात परत टाकली, हिरवी काढली आणि कार्डाच्या कोपऱ्यात दाबून बसवली.

निघताना मॅडम काकांपाशी थांबल्या. "तुमचा लेखी खुलासा लागेल मला. आज संध्याकाळच्या आत. तुम्ही आपणहून दिलात तर तो या कार्डाच्या फायलीत राहील. मला मागवावा लागला, तर सेवापुस्तकात जाईल." मग आणखी काहीतरी सांगायचं असल्यासारख्या क्षणभर उभ्या राहिल्या. "बाळाला दुसरं काहीतरी दिलंत ना वाजवायला?"

"दिलंय."

काकांनी नवी तार घेतली. तिने एकदाही हट्ट केला नाही. चार बोटं वाकली, चार टोकांना मऊ नळी बसली. दुपारी त्यांनी म्बिरा दालनातल्या काचपेटीत बैठकीवर ठेवला, सवयीने पक्कडीने बोटं आवळली. फळी गच्च बसली, शंखांची रांग बैठकीला टेकून मुकी झाली. काका बघत राहिले. मग त्यांनी खालची दोन बोटं केसभर सैल केली, आणि आणखी केसभर. एकतीस वर्षांत त्यांनी असं काम करून कधी पेटी बंद केली नव्हती.

शेजारच्या खोलीत येऊन ते टेबलाशी बसले. मॅडमनी कोरा कागद पाठवला होता. त्यांनी तारीख लिहिली. खाली लिहिलं, 'वस्तू: म्बिराचे नऊ शंख. पैकी एक फुटला, बदली एक बटण.' त्याखाली लिहिलं, 'घरी नेण्याचं कारण:' आणि पेन थांबलं. साहेबांनी सांगितलं म्हणून? काढायला सांगितलं होतं, न्यायला नाही. विसरलो? विसरले नव्हते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. उठून खिडकी उघडली, बंद केली. बाहेर ऊन कललं होतं.

मागच्या रस्त्यावरून ट्रक गेला. जमिनीतून थरथर आली, टेबलाच्या पायांतून वर चढली, कागदाचं टोक हललं. आणि मग दालनातून, बंद काचेआडून, ती आली. बारीक, घोगरी, ओळखीची.

मावशी दारात येऊन उभी राहिली. या वेळी दोन्ही पायांत चप्पल होती.

"काका," ती कुजबुजली, "ऐकलंत?"

काकांनी मान हलवली. पेनाचं टोपण काढलं आणि 'कारण'च्या पुढे लिहिलं, 'लेक रडत होती.' खाली सही केली. सही करताना बऱ्याच वर्षांनी त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.